प्रजेनेच पाडलेला किल्ला

तोरूनच्या किल्ल्यात आज सगळ्यात धडधाकट उभा आहे तो संडास. मुख्य इमारतीपासून दूर, ओढ्यावर बांधलेला विटांचा भक्कम मनोरा आणि तिथवर जाणारा, कमानींवर तोललेला झाकलेला मार्ग. जर्मन लेखक या प्रकाराला ‘डान्स्कर’ म्हणतात, पोलिश लोक ‘ग्दानिस्को’. बाकी किल्ल्याचे जे उरले आहे ते म्हणजे तळघरे, भिंतींचे अवशेष, अंगणातल्या अष्टकोनी बुरुजाचा बुडखा आणि मधले गवत. पोलंडमधल्या विस्तुला नदीच्या उजव्या तीरावरची ही वास्तू दोनशे वर्षांहून अधिक काळ ट्यूटॉनिक ऑर्डरच्या एका कमांडरीचे ठाणे होती. फेब्रुवारी १४५४ मध्ये ती पाडली गेली. बाहेरून कोणी आक्रमक आला नव्हता. किल्ल्याला लागूनच असलेल्या शहरातले व्यापारी आणि कारागीर आत शिरले आणि त्यांनी कुदळी चालवल्या. हे शहर वसवले होते ऑर्डरनेच.

हे पुस्तक त्या दोनशे वर्षांविषयी आहे. मराठी वाचक किल्ल्यांना सरावलेला असतो. दरवाजा कुठल्या अंगाला, पाण्याची सोय काय, वेढा किती दिवस चालला, माळ लावून वर कोण चढले, हे त्याचे पहिले प्रश्न. तोरूनच्या बाबतीत त्या प्रश्नांना फारशी उत्तरे मिळत नाहीत. इथे विचारायचे ते वेगळेच: सारा कोण भरत होते, धान्य कुठल्या बंदराला जात होते, नाणे कोण पाडत होते आणि जकातीचा पैसा शेवटी कोणाच्या पेटीत पडत होता. ट्यूटॉनिक ऑर्डरविषयी लिहिणारे बहुतेक जण तलवारी आणि पांढरे झगे यांच्यातच अडकतात. माझ्या मते कमांडरीचा खरा इतिहास तिच्या कोठारात आणि दफ्तरात आहे, आणि ती का कोसळली याचे उत्तरही तिथेच सापडते.

मुळापासून सांगायचे, तर ही संस्था जन्मली पॅलेस्टाइनमध्ये. तिसऱ्या धर्मयुद्धात आक्रा शहराला वेढा पडला असताना, ११९० मध्ये, ब्रेमेन आणि ल्यूबेकच्या व्यापाऱ्यांनी आजारी व जखमी जर्मनांसाठी एक रुग्णालय उघडले. आठ वर्षांत त्या रुग्णालयाची लढाऊ संन्याशांची ऑर्डर झाली. ब्रह्मचर्य, अपरिग्रह आणि आज्ञापालन ही तीन व्रते, अंगावर काळ्या क्रुसाचा पांढरा झगा आणि हातात तलवार. तिला युरोपच्या राजकारणात वजन मिळवून दिले हेर्मान फोन साल्झा या प्रमुखाने. सम्राट आणि पोप यांचे आपसात हाडवैर असताना दोघांच्याही विश्वासातला हा माणूस. त्याच्या काळात हंगेरीच्या राजाने १२११ मध्ये ऑर्डरला सरहद्दीच्या रक्षणासाठी ट्रान्सिल्व्हेनियात जमीन दिली. पाहुणे घराचे मालक होऊ पाहताहेत, हे ध्यानात आल्यावर १२२५ मध्ये त्यानेच त्यांना हुसकून लावले.

त्याच सुमारास माझोव्हियाचा पोलिश ड्यूक कोन्राड शेजारच्या मूर्तिपूजक प्रशियन टोळ्यांच्या धाडींनी जेरीला आला होता. त्याने ऑर्डरला बोलावले. या वेळी साल्झाने तलवारीआधी दौत-लेखणी बाहेर काढली. सम्राटाकडून १२२६ सालची तारीख असलेली सनद घेतली. पोप नववा ग्रेगरी याने १२३४ मध्ये जिंकलेला मुलूख संत पीटरची मालमत्ता ठरवून ऑर्डरच्या हवाली केला. कोन्राडच्या नावावरही १२३० ची एक दानपत्रिका आहे, पण ती अस्सल की बनावट यावर पोलिश आणि जर्मन इतिहासकार पिढ्यान्‌पिढ्या भांडत आले आहेत. ज्या भूमीत अजून नीट पाय रोवला नव्हता तिचे कागद आधी तयार ठेवायचे, ही सवय ऑर्डरला हंगेरीतल्या फजितीने लावली.

१२३१ मध्ये ऑर्डरचा सरदार हेर्मान बाल्क काही मोजक्या बांधवांसह विस्तुला ओलांडून आला. ऑर्डरचा पुरोहित-इतिहासकार पेटर फोन डुसबुर्ग सांगतो, की त्यांनी नदीकाठच्या एका ओकच्या झाडाभोवतीच तटबंदी रचली, झाडावर पहाऱ्याची जागा केली आणि बाजूला होड्या तयार ठेवल्या. प्रशियन चालून आले आणि निभाव लागेना, तर होडीत बसून पैलतीर गाठायचा. डुसबुर्ग हे लिहितो १३२६ मध्ये, म्हणजे घटनेनंतर जवळजवळ शंभर वर्षांनी, आणि आपल्या ऑर्डरची थोरवी गाण्यासाठी. तरीही ही हकिकत मला पटते, कारण ती थोरवीच्या विरुद्ध जाते. पळायची होडी आधी बांधून ठेवणारे वीर स्तुतिकाराने उगाच कशाला रचावेत?

ती पहिली जागा पुराची होती. वस्ती १२३६ मध्ये काही कोस वर, आजच्या तोरूनच्या जागी हलवली गेली. शतकाच्या मध्यापासून तिथे विटांचा किल्ला उठू लागला. ऑर्डरचे नंतरचे किल्ले चौरस असतात: चार बाजूंना चार इमारती, मध्ये अंगण, कोपऱ्यावर बुरूज. तोरूनचा किल्ला मात्र घोड्याच्या नालासारखा वाकडा आहे, कारण तो आधीच्या मातीच्या गढीच्या वर्तुळावर चढवला गेला. घडण अजून ठरायची होती त्या काळातली ही वास्तू, म्हणून अभ्यासकांना तिचे अप्रूप. किल्ल्याच्या एका अंगाला व्यापाऱ्यांचे जुने शहर. १२६४ मध्ये दुसऱ्या अंगाला कारागिरांचे नवे शहर वसवले गेले. दोन शहरे, दोन नगरमंडळे आणि मधोमध किल्ला. नकाशा समोर ठेवला, की राज्यकर्त्यांचा हेतू लगेच कळतो.

पण किल्ल्यापेक्षाही मोलाची गोष्ट त्याआधीच घडून गेली होती. २८ डिसेंबर १२३३ रोजी साल्झा आणि बाल्क यांनी तोरून आणि खेल्मनो या दोन शहरांना एक सनद दिली. नागरिकांनी दरवर्षी आपला न्यायाधीश निवडावा. जमीन वारसाहक्काने चालावी. मालकी ऑर्डरची, याची खूण म्हणून जमीनधारकाने वर्षाला एक कलोनचा पेनी, किंवा खेल्मनोचे पाच, आणि दोन मार्क वजनाचे मेण द्यावे. नाणे दहा वर्षांतून एकदाच बदलले जावे. आणि सगळा प्रदेश जकातीपासून मुक्त असावा. जर्मनीतून माणसे इतक्या लांब, इतक्या धोक्याच्या जागी आणायची, तर आमिष तसेच दणदणीत हवे होते. ‘खेल्मनोचा कायदा’ म्हणून हीच सनद पुढे प्रशियातल्या बहुतेक शहरांना लागू झाली. तिच्यातली नाण्याविषयीची आणि जकातीविषयीची कलमे वाचकाने लक्षात ठेवावीत. दोनशे वर्षांनी तीच ऑर्डरच्या मुळावर आली.

आता कमांडरी म्हणजे काय, ते जरा सविस्तर पाहू. तिचा प्रमुख कोमटुर. किल्लेदारी, मुलकी कारभार आणि मठाची गादी या तिन्ही गोष्टी त्याच्याकडे एकवटलेल्या. त्याच्या हाताखाली निदान बारा बांधव असावेत, असा संकेत होता. येशू आणि त्याच्या बारा शिष्यांच्या धर्तीवर. पूर्ण व्रतस्थ बांधवांची संख्या एका किल्ल्यात फार नसे. राबता असे तो पगारी शिपाई, करड्या झग्यातले दुय्यम बांधव, लोहार, बेकर, साईस आणि गडी यांचा. बांधवांनी एकत्र जेवायचे, जेवताना बोलायचे नाही, एकाने धर्मग्रंथ वाचायचा आणि बाकीच्यांनी ऐकायचे. झोपायचे ते एका सामाईक दालनात, अंगावर कपडे ठेवून, रात्रभर दिवा जळता ठेवून. स्वतःच्या पेटीला कुलूप लावायचे नाही. स्त्रीचे चुंबन घ्यायचे नाही, मग ती आई किंवा बहीण का असेना. नियम हे असे. ते किती पाळले जात, ते वेगळे. वरिष्ठांनी तपासणीसाठी माणसे पाठवावीत आणि तक्रारींच्या याद्या आणाव्यात, हे पुढे पुढे नेहमीचेच झाले.

कोमटुर एका जागी कायमचा नसे. वरून हुकूम आला, की त्याने दुसऱ्या किल्ल्यावर जायचे, आणि जाताना चार्ज द्यायचा. चार्जाच्या या याद्या ऑर्डरच्या कारभाराचा खरा आरसा आहेत. त्यांची नोंद एका जाडजूड वहीत होई आणि ती वही आजही उपलब्ध आहे. किल्ल्याकिल्ल्यांत काय काय सापडले ते तिच्यात आहे: घोडे किती आणि कसले, यंत्रधनुष्ये आणि बाण किती, राय, ओट आणि माल्ट किती, खारवलेले मांस, सुकवलेले मासे, चीज, मीठ, देवळातली पूजेची भांडी आणि पुस्तके, गावांकडची थकबाकी आणि कमांडरीच्या डोक्यावरचे कर्ज. वाचताना गंमत वाटते. जगाचा त्याग केलेल्या माणसांनी तुपा-तेलापर्यंतच्या वस्तू अशा मोजलेल्या आहेत, की एखाद्या दुकानदाराने मान डोलवावी. वैयक्तिक मालमत्ता शून्य आणि संस्थेची मालमत्ता अफाट, या दोन गोष्टी त्यांच्या लेखी एकमेकींच्या आड येत नव्हत्या.

या वैभवाच्या पायाशी जे गाडले गेले त्याविषयी बोलल्याशिवाय पुढे जाता येत नाही. प्रशियन म्हणजे जर्मन नव्हेत. त्या मुलखाचे मूळ रहिवासी, लिथुआनियन आणि लाटव्हियन यांचे भाऊबंद, पोमेसानियन, नातांगियन, साम्बियन अशा टोळ्यांत विभागलेले. त्यांनी १२४२ मध्ये उठाव केला. १२६० मध्ये दुसरा, त्याहून मोठा उठाव झाला. त्याचा एक पुढारी हेर्कुस मोंते लहानपणी ओलीस म्हणून माग्डेबुर्गला नेला गेला होता. शत्रूच्या शाळेत शिकला, त्यांचे डावपेच शिकला आणि परत येऊन तेच त्यांच्यावर उलटवले. १२७३ मध्ये तो मारला गेला, पुढच्याच वर्षी उठाव मोडला. जे उरले त्यांना राबवले गेले, हलवले गेले, हळूहळू जर्मन केले गेले. प्रशियन भाषा अठराव्या शतकाच्या आरंभी नामशेष झाली. तिच्यात छापलेली म्हणता येतील अशी पुस्तके म्हणजे सोळाव्या शतकातल्या तीन धर्मप्रश्नोत्तरी. जिंकलेल्यांचे नावही पुढे जिंकणाऱ्यांनीच लावले. तोरून हे या मोहिमांचे पहिले पाऊल ठेवायचे ठिकाण होते, आणि या जबाबदारीतून या किल्ल्याला वगळण्याचे मला काही कारण दिसत नाही.

१३०८-०९ मध्ये ऑर्डरने ग्दान्स्क बळकावले, प्रमुखाचे ठाणे व्हेनिसहून माल्बोर्कला आले आणि पोलंडशी कायमचे वैर सुरू झाले. तोरून त्यानंतर सीमेवरचे शहर बनले: नदीच्या पलीकडे पोलंड, अलीकडे ऑर्डर. हान्सा व्यापारी संघातले हे मातब्बर शहर. दक्षिणेकडून तांबे, लाकूड, मेण आणि धान्य यायचे, उत्तरेकडून फ्लँडर्सचे कापड. बाहेरच्या व्यापाऱ्यांनी माल आधी तोरूनमध्ये उतरवून विकायला ठेवलाच पाहिजे, असा हक्कही शहराला मिळाला. चौदाव्या शतकात किल्ला आणि शहर यांचे बरे जमत होते, कारण दोघांचेही खिसे भरत होते.

बिनसले ते ऑर्डर स्वतः दुकान मांडून बसली तेव्हापासून. तिचे दोन मोठे व्यापार-अधिकारी होते, माल्बोर्कला धान्याचा आणि क्योनिग्सबर्गला अंबराचा. अंबराची मक्तेदारी तर संपूर्ण ऑर्डरची. किनाऱ्यावर वेचलेला खडा लपवणेही गुन्हा. व्यापाऱ्याच्या बाजूने विचार करा. आपला राजाच बाजारात आपला प्रतिस्पर्धी, त्याच्या मालाला जकात नाही, भांडण झाले तर न्याय देणारा तोच, आणि नाणे पाडणाराही तोच.

१५ जुलै १४१० रोजी ग्रुनवाल्डच्या मैदानात पोलंड आणि लिथुआनियाच्या फौजांनी ऑर्डरचा धुव्वा उडवला. प्रमुख उलरिख फोन युंगिंगेन पडला, तोरूनचा कोमटुर योहान फोन सायन पडला. या लढाईविषयी इतके लिहिले गेले आहे, की इथे भर घालायची गरज नाही. बघायचे ते पुढच्या वर्षीचा तोरूनचा तह. मुलूख फारसा गेला नाही, पण खंडणी बसली एक लाख कोपा, म्हणजे साठ लाख प्राग ग्रोशेन. तलवारीने जे झाले नाही ते या रकमेने केले. ती उभी करायला कर बसले, नाण्यातली चांदी घटवली गेली. ग्दान्स्कच्या नगराध्यक्षांनी कराला विरोध केला, तर १४११ मध्ये कोन्राड लेट्झकाऊ आणि त्याचे सहकारी किल्ल्यात बोलावून ठार करण्यात आले. ग्दान्स्क बंदरावरची पाउंड-जकात मूळची हान्साने युद्धखर्चासाठी बसवलेली. ती आता ऑर्डरच्या उत्पन्नाचे साधन होऊन बसली. १२३३ च्या सनदेतल्या नाण्याच्या आणि जकातीच्या कलमांचे एव्हाना काय उरले होते, ते वेगळे सांगायला नको.

शहरांच्या हाती आता तेच शस्त्र होते, जे ऑर्डरने त्यांच्या पणजोबांना दिले होते: लेखी हक्क. १४४० च्या मार्चमध्ये ५३ सरदार आणि १९ शहरे यांनी ‘प्रशियन संघटन’ स्थापले. त्याचा मजकूर बंडाचा नव्हता. आमचे जुने हक्क सांभाळा, एवढीच मागणी. ऑर्डर सम्राटाकडे दाद मागायला गेली. डिसेंबर १४५३ मध्ये सम्राट तिसरा फ्रेडरिक याने संघटन बेकायदा ठरवले आणि ते मोडण्याचा आदेश दिला. ऑर्डर खटला जिंकली आणि तिथेच राज्य हरली. दाद मागायला दुसरे न्यायालयच उरले नाही, तेव्हा लोक कुदळीकडे वळले.

४ फेब्रुवारी १४५४ रोजी संघटनाने प्रमुखाला निष्ठा सोडल्याचे पत्र लिहिले. त्या आठवड्यातच तोरूनचा किल्ला शहरवासीयांच्या हाती आला आणि लगेच पाडकाम सुरू झाले. ग्दान्स्क आणि एल्ब्लाँगच्या लोकांनीही त्याच वर्षी आपापले किल्ले असेच जमीनदोस्त केले. तिन्ही मोठ्या शहरांना एकच गोष्ट सुचावी, हा योगायोग नव्हे. किल्ला राखला असता तर आज ना उद्या कोणीतरी त्यात राहायला आलेच असते: ऑर्डर परत आली असती, नाही तर पोलंडच्या राजाचा अधिकारी. नव्या धन्याला बोलावण्याआधी त्याला बसायला जागाच ठेवायची नाही, हा मला त्यातला व्यापारी शहाणपणा दिसतो. ६ मार्चला राजा चौथा काझिमिएझ याने प्रशिया पोलंडच्या छत्राखाली घेतल्याची घोषणा केली, आणि त्याच सनदेत पाउंड-जकात रद्द केली.

त्यानंतरचे तेरा वर्षांचे युद्ध रणांगणापेक्षा तिजोऱ्यांत जास्त लढले गेले. दोन्ही बाजूंना भाडोत्री सैनिक होते आणि दोघांनाही पगार थकवायची खोड. १४५७ मध्ये ऑर्डरच्याच बोहेमियन शिपायांनी थकलेल्या पगारापोटी माल्बोर्कचा किल्ला पोलंडच्या राजाला विकला. सुमारे एक लाख नव्वद हजार गुल्डेनना. त्या पैशांचा मोठा भार ग्दान्स्क आणि तोरूनसारख्या शहरांनी उचलला. तोरूनच्या ज्या धनिकांनी कर्जे दिली त्यांत लुकास वाट्सेनरोडे हा एक होता. त्याचा नातू मिकोवाय कोपर्निकस १४७३ मध्ये याच शहरात जन्मला. आकाशाविषयी त्याने काय केले ते सर्वांना माहीत आहे. प्रशियाचे नाणे का घसरले यावरही त्याने प्रबंध लिहिला, आणि तोरूनच्या व्यापारी घरातल्या माणसाला हा विषय सुचावा यात नवल नाही. १५१९-२१ च्या युद्धात तर ओल्श्टिनचा किल्ला ऑर्डरविरुद्ध लढवण्याच्या तयारीची जबाबदारी त्याच्यावर येऊन पडली होती.

१९ ऑक्टोबर १४६६ रोजी दुसरा तह झाला, तोही तोरूनमध्येच. पश्चिम प्रशिया पोलंडकडे गेला आणि उरलेल्या भागासाठी ऑर्डरच्या प्रमुखाने पोलंडच्या राजाचे मांडलिकत्व पत्करले. १५२५ मध्ये प्रशियातल्या शेवटच्या प्रमुखाने, आल्ब्रेख्त होहेनत्सोलर्नने, झगाच उतरवला, ल्यूथरचा पंथ घेतला आणि उरलेला प्रशिया स्वतःच्या घराण्याची जहागीर केला. ऑर्डर जर्मन मुलखात पुढे रेंगाळली, आणि आज व्हिएन्नात तिचे मुख्यालय आहे. तलवारी नसलेल्या पुरोहितांची आणि भगिनींची संस्था म्हणून.

एकोणिसाव्या शतकात तोरून बहुतेक काळ जर्मन प्रशियाकडे होते, आणि त्या काळात हा इतिहास दोन्ही बाजूंनी हत्यार म्हणून परजला गेला. कैसर दुसरा विल्हेल्म याने १९०२ मध्ये माल्बोर्कला झगे घातलेल्या सरदारांचा थाटमाट मांडला. पोलिशांच्या बाजूने हेन्रिक शेन्केविचची ‘क्शिझात्सी’ ही कादंबरी घराघरात पोहोचली, आणि तिच्यातला काळ्या क्रुसाचा दुष्ट सरदार आजही पोलिश मनातून जात नाही. ऑगस्ट १९१४ मधल्या जर्मन विजयाला टानेनबर्ग हे ग्रुनवाल्डच्या लढाईचे जर्मन नाव मुद्दाम दिले गेले, १४१० चे उट्टे काढले हे सांगण्यासाठी. नाझींनी तर पूर्वेकडच्या मुलुखगिरीसाठी या ऑर्डरच्या प्रतिमेचा यथेच्छ वापर केला, आणि त्याच वेळी खऱ्या, जिवंत ऑर्डरवर बंदी घातली.

जर्मन आणि पोलिश, या दोन्ही कहाण्यांत तोरूनची फेब्रुवारी १४५४ मधली घटना अडचणीची ठरते. जर्मन राष्ट्रवाद्याला ती नको, कारण किल्ला पाडणारे बहुतेक लोक जर्मन बोलत होते. पोलिश राष्ट्रवाद्यालाही ती पुरती सोयीची नाही, कारण त्यांनी हे पोलंडच्या प्रेमापोटी केले, असे छातीठोकपणे सांगता येत नाही. त्यांना आपले नाणे, आपली जकात, आपला न्यायाधीश हवा होता. पोलंडच्या राजाने ते देऊ केले म्हणून ते त्याच्याकडे गेले, आणि पुढची तीन शतके त्याच्याशीही याच मुद्द्यांवर हुज्जत घालत राहिले.

किल्ल्याच्या जागेवर शतकानुशतके शहराचा कचरा पडत होता. १४६६ च्या तहाला पाचशे वर्षे होत आली, तेव्हा ती साफ करून अवशेष लोकांसाठी खुले करण्यात आले. १९९७ मध्ये जुन्या शहरासह त्यांना युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत जागा मिळाली. किल्ल्याच्या विटांचे काय झाले, तेही माहीत आहे: शेजारीच, १४८९ मध्ये, नागरिकांच्या धनुर्धर मंडळाने त्यांतूनच आपले उन्हाळी सभागृह बांधले.

कागद मात्र किल्ल्याबरोबर गेले नाहीत. ऑर्डरचे मध्यवर्ती दफ्तर माल्बोर्कहून पुढे क्योनिग्सबर्गला गेले, दुसऱ्या महायुद्धात तिथून हलवले गेले आणि आता बर्लिनच्या राज्य अभिलेखागारात आहे. त्यामुळे ज्यांचा किल्ला पडला त्यांची बाजू तपशीलवार सापडते. शहराचीही सापडते, कारण तोरूनने आपले दफ्तर जपले. खेड्यातल्या सारा भरणाऱ्या कुळाची आणि भाषा गमावलेल्या प्रशियनाची बाजू या कागदांत फक्त आकड्यांच्या रूपाने येते: इतकी शेते, इतकी थकबाकी, इतकी घरे ओस. पुढच्या प्रकरणांत साऱ्याच्या वहीतल्या अशा नोंदी पुष्कळ दिल्या आहेत. त्या रुक्ष वाटल्या तरी वाचकाने ओलांडून जाऊ नयेत.